चैतालीच्या बॅगेतली रिकामी बाटली

मी एक पाण्याची बाटली बोलतेय. स्टीलची, लिटरभराची, बुडाला पोचा आलेली. चैतालीने मला तुळशीबागेतून आणलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. कंपनीच्या बसने रोज हिंजवडीला जायची. बसमध्ये शेजारी बसणारी शेफालीही माझ्यातलं पाणी प्यायची. तेव्हा मी रोज काठोकाठ भरलेली असायचे.

मग चैतालीला तो त्रास सुरू झाला. लघवीला अचानक लागायचं आणि दम धरता यायचा नाही. ऑफिसात दिवसातून बारा-तेरा वेळा उठावं लागे. "परत?" कुणीतरी हसून म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिने दाराजवळची जागा मागून घेतली.

एकदा वाकडच्या पुलाजवळ बस तासभर अडकली. ती उतरून समोरच्या हॉटेलात धावली. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "टॉयलेट फक्त गिऱ्हाइकांना."

"मग चहा द्या," ती म्हणाली. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. तिने घाईघाईने मला उघडलं आणि माझं सगळं पाणी स्वतःच्या ड्रेसवर ओतलं. बसमध्ये परतल्यावर शेफालीला म्हणाली, "बाटली सांडली गं."

आळ माझ्यावर आला, त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या सकाळी. तिने मला भरलंच नाही.

दोन वर्षं मी रिकामीच फिरले. तिचे ओठ सुकायचे, डोकं दुखायचं, पण घोटभर पाणी घेईना. शेफालीबरोबर भटकणं बंद झालं. नवऱ्याबरोबर, अभयबरोबर, नाटकाला जाणंही. "कंटाळा आलाय," ती म्हणायची. "बरं," तो म्हणायचा. जरा लगेचच म्हणायचा.

लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. एकटीच. खाली बघत सगळं सांगितलं.

"ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. लघवीची पिशवी चिडखोर झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून तुम्ही चौथ्या. पुष्कळांना होतं, उपचार आहेत. पण पाणी तोडू नका, त्यानेच जळजळ होते आणि त्रास वाढतो. किती दिवस लपवलंत?"

"अडीच वर्षं."

संध्याकाळी तिने अभयला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मलाही होतंय. वर्ष झालं. वाटलं, तू हसशील."

दोन खोल्यांचं घर, आणि दोघंही आपापली तहान मारून एकेकटे बसलेले.

आता ती मला रोज भरते, ठरल्या वेळी थोडं थोडं पिते. त्रास पुरता गेलेला नाही. शेफालीचा फोन येणं मात्र केव्हाच थांबलंय.

तुमच्या घरात कुणी पाणी प्यायचं टाळत असेल, तर जवळ बसून विचारा. आणि सांगू लागलं की हसू नका.