मामांनी डाकार पाहिलं

पहाटे गावातून व्हॅन निघाली तेव्हा यांदेची पत्र्याची पेटी टपावर बांधलेली होती. ती राजधानीत, डाकारात, उतरणार की तशीच गावाला परत येणार, हे एकट्या लातिर मामांना ठाऊक होतं. खरं तर त्यांनाही नव्हतं.

यांदेला सुईणींच्या शाळेत जागा मिळाली होती. बापाने केव्हाच होकार दिला होता, पण आमच्या सेरेर लोकांत बापाच्या होकाराला विचारतो कोण? भाचीच्या बाबतीत मामाचा शब्द शेवटचा. आणि मामा म्हणाले होते, "आधी शहर बघू. सगळे मिळून बघू. मग सांगतो." झालं! मामा निघाले म्हटल्यावर दोन्ही मामी निघाल्या, दोघींची पोरं निघाली, आत्या निघाली, आणि शेजारचा एक म्हातारा, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, तोही सर्वांच्या आधी येऊन पुढची जागा धरून बसला. यांदेच्या आईने, सिगाने, उकडलेल्या शेंगांचं पोतं मांडीवर घेतलं. जणू डाकारात दुष्काळच पडला होता.

यांदे खिडकीशी बसून सारखी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होती. शहर आवडलं तर सुटले, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि शहर आवडलंच की! टेकडीवरचा तो अवाढव्य ब्राँझचा पुतळा, बायकोला एका हाताने आणि लेकराला दुसऱ्या हाताने उचलून समुद्राकडे निघालेला पुरुष, पाहताच मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरे बाप रे! याला जेवायला काय घालत असतील?"

"मामा, तो ब्राँझचा आहे," यांदेचा धाकटा भाऊ सेमू म्हणाला.

"मला कळतं रे शहाण्या. केला कुणी तरी माणसानेच ना? त्या माणसाला काय जेवायला घातलं, ते विचारतोय."

सिगा मात्र पुतळ्यातल्या बाईकडे बघून नाक मुरडत होती. "एवढं ब्राँझ ओतलं, तर हातभर आणखी ओतून तिचा घागरा नसता का पुरा झाला?" यावर दोन्ही मामी इतक्या हसल्या की एकीच्या डोक्यावरचं फडकं सुटलं.

मग कड्याखालची मशीद पाहिली. तिचे दोन मिनार आणि त्यांच्या पायाशी फुटणाऱ्या लाटा.  मामा खाली वाळूवर नमाज पढून वर आले तेव्हा म्हणाले, "मरायच्या आधी हे बघायला मिळालं, बरं झालं." समुद्रकाठचा रस्ता पाहिला, उंच घरं पाहिली, गच्च्यांवर वाळत घातलेले रंगीत कपडे पाहिले. एका बाईने डोक्यावर माशांची परात, पाठीला मूल, आणि कानाला फोन, अशी भर रहदारीतून रस्ता ओलांडला. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "काय बाई आहे! राणी आहे राणी!"

यांदेचा जीव भांड्यात पडत चालला होता. पण दर कौतुकानंतर मामा एकच प्रश्न विचारत. "आणि पोरी, इथं आपलं कोण?"

"होतील ना ओळखी, मामा."

"हं," मामा म्हणत आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत.

समुद्रकाठी तरुण मंडळी व्यायाम करतात, तिथं सगळे शेंगा खायला उतरले आणि घात झाला.

एक दणकट गडी वाळूत उड्या मारत होता. त्याच्या जर्सीवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत नाव होतं. मामांनी सेमूला वाचायला सांगितलं. सेमूने वाचलं, "गुजाबी."

मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! गुजाबी आडनाव म्हणजे जोला जमातीचा माणूस. आणि जोला म्हणजे आमचे थट्टेचे सोयरे. फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून निघाल्या, वादळात होडी दुभंगली, एकीची लेकरं आम्ही, दुसरीची ते. तेव्हापासून जोला भेटला की त्याला आपला गडी म्हणायचं, चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि त्यानेही सव्याज परत करायचं. तिथं रागावलात तर तुम्ही माणूसच नव्हे. जोलाला पाहून गोड बोलणारा सेरेर म्हणजे घरात पाहुण्यासारखा बसलेला भाऊ.

"अरे ए गुजाबी!" मामा हात पसरून पुढे गेले. "आमचा गडी तू, आणि इथं उड्या मारतोयस? माझ्या शेतातलं तण काय तुझा बाप काढणार?"

तो वळला. घाम पुसत म्हणाला, "म्हातारबाबा, गडी कुणाला म्हणता?"

"तुला! आणखी कुणाला? चोरांच्या घरातला तू. जन्मभर आमचा भात खाल्लात..."

"तुमचं काय खाल्लंय मी?" त्याचा आवाज चढला. "मी बेटावरचा, केप व्हर्देचा माणूस. ही जर्सी जुन्या बाजारातून घेतली. तुम्ही कोण लागून गेलात मला चोर म्हणणारे?"

माणसं गोळा झाली. मामांचे पसरलेले हात तसेच राहिले. यांदे धावली, गुडघे वाकवून त्याची माफी मागितली, आमची पद्धत आहे म्हणून समजावलं. तो बिचारा वाईट नव्हता. पुटपुटत निघून गेला. पण मामा एकदम थकल्यासारखे दिसू लागले. सेमूने स्वतःचे कान धरून "मी नुसतं वाचलं" असं तीनदा सांगितलं, तरी त्याला कुणी रागावलं नाही. हेच वाईट लक्षण होतं.

व्हॅनमध्ये पुन्हा शेंगांची टरफलं वाजू लागली. मग मामा बोलले. "शहर छान आहे, यांदे. फार छान आहे. खोटं कशाला बोलू? पण मी एका माणसाला शिवी दिली आणि त्याला ती शिवीच वाटली. अशा ठिकाणी उद्या तुला रडू आलं, तर हसवणार कोण?"

  ड्रायव्हरने विचारलं, "वसतिगृहाकडे घेऊ का? पेटी उतरवायची ना?"

"पेटी राहू दे टपावर," मामा म्हणाले.

सिगाने लेकीचा हात घट्ट दाबला. यांदेने कसाबसा धीर केला. "मामा, जाता जाता शाळेचं फाटक तरी दाखवते. बघून तर जा."

"बघू की. फाटक बघायला काय जातंय?"

शाळेच्या गल्लीत दुपार कलली होती. फाटकासमोर ताडपत्रीखाली एक धिप्पाड बाई मासेभाताचं मोठं पातेलं मांडून बसली होती. भुकेली पोरं वासानेच खाली उतरली. मागून मोठी माणसं उतरली, आपल्या भाषेत एकमेकांवर ओरडत. बाईने कान टवकारले. हातातला झारा तसाच वर राहिला.

"आजोबा, आडनाव काय तुमचं?" तिने मामांना विचारलं.

मामांचा उत्साह केव्हाच मावळला होता. "सेन," ते हळूच म्हणाले.

"सेन! अगं बाई! सेरेर!" बाईने पातेल्यावर धाडकन झाकण आपटलं. "तरीच सकाळपासून माझा डावा डोळा लवतोय. पळा, पळा, भात लपवा! सेरेरांची टोळधाड आली!"

मामा ताठ झाले. टोपी सरळ केली. पण एकदा पोळलेला माणूस, त्यांनी आधी सावधपणे विचारलं, "आणि तुझं आडनाव?"

"अलिमातू जेजू. बिन्योना गावची!"

"जर्सीवरचं तर नाही ना ते?"

"काय?"

"काही नाही, काही नाही! जेजू! जोला!" मामांचा आवाज गल्लीभर घुमला. "अगं गडीण माझी! मालक उन्हात उभा आणि तू स्टुलावर? ऊठ आधी!"

"मालक? तुझ्या आज्याने माझ्या आज्याची गाय चोरली, ती अजून परत यायचीय. आधी गाय आण, मग बस!"

"गाय तुम्हीच खाल्लीत! भाताबरोबर!"

"भात तुम्ही सोडलात तर खाणार ना?"

शिव्या देत देत तिने मोठी परात भरली, आणि शिव्या खात खात मामा परातीभोवती सगळ्यांना घेऊन बसले. मासा ताजा होता, भात तळाशी खरपूस लागलेला. मामा म्हणाले, असा बेचव भात जन्मात खाल्ला नाही, आणि तळाची खरपुडी खरवडून मागितली. दोन्ही मामी डोळे पुसत हसत होत्या. शेजारचा म्हाताराही दिवसभरात पहिल्यांदाच बोलला: "वाढ अजून, चोरटे!"

"ही कोण कोपऱ्यात?" अलिमातूने यांदेकडे झारा दाखवला.

"माझी भाची. त्या शाळेत शिकायला यायची म्हणते," मामा म्हणाले. म्हणते, एवढंच म्हणाले.

"अरे देवा! म्हणजे रोज एक सेरेर माझ्या डोळ्यांसमोर? रोज हिला शिव्या देत बसू?"

मामांचा घास हातातच राहिला. "रोज देशील?"

"रोज! शाळेत जाताना एकदा, येताना एकदा. आजारी पडली तर खाटेशी येऊन देईन. सुटणार आहे का ही माझ्या तावडीतून?"

मामांनी हात धुतले. सावकाश व्हॅनपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पेटी काढ."

"काय?"

"बहिरा झालास का? माझ्या भाचीची पेटी काढ खाली!"

सिगाने हंबरडाच फोडला. आनंदाने की दुःखाने, तिलाही सांगता आलं नसतं. यांदे धावत येऊन मामांच्या छातीवर कोसळली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सगळे चढले. मामा मात्र परत ताडपत्रीखाली गेले. यांदे पेटीपाशीच उभी होती, तिला ऐकू आलं. मामांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, हिला शिव्या दे हं. एकही दिवस चुकवू नकोस."

अलिमातूने झारा खाली ठेवला. "नाही चुकवणार, दादा," ती म्हणाली.

व्हॅन वळणाआड गेली. यांदे पेटीचं कडं धरून रस्त्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"ए गडिणी!" मागून आवाज आला. "रडतेस काय? ही परात काय तुझा मामा परत येऊन घासणार?"

यांदेने डोळे पुसले. बाह्या वर सरकवल्या.

"आधी मालकिणीला बसायला स्टूल दे," ती म्हणाली. "मग परातीचं बघू."