हडळीची चाल

तिचं कामच भुताखेतांना चालायला शिकवायचं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत ती ॲनिमेटर होती. राक्षस, नागकन्या, वेताळ, चित्रकार जे कुणी काढून देतील त्यांना ती हातपाय हलवायला लावी. या खेपेला मात्र हडळीनं तिला घाम फोडला होता. उलट्या पावलांची ही बाई दलदलीतून खेळाडूच्या अंगावर यायची होती, पण पडद्यावर ती काही केल्या भीतिदायक दिसेना. दोन महिने गेले. साहेब रोज विचारत, "काय, तुमच्या हडळबाई अजून बदकासारख्याच चालतात का?"

मग एका सकाळी तिचं लक्ष आईकडे गेलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई ओट्यापासून टेबलापर्यंत यायची ती एक खांदा पाडून, पाय ओढत, मध्येच थबकून श्वास गोळा करत. हिनं दाराआडून फोनवर ते टिपून घेतलं. एकदा नाही, तीन सकाळी. आठवडाभरात हडळ अशी चालू लागली की साहेबांच्याही अंगावर काटा आला.

गेम बाजारात येण्याआधी कंपनीनं सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. आई हौसेनं आली, मागच्या रांगेत लेकीशेजारी बसली. मोठ्या पडद्यावर धुक्यातून हडळ निघाली, तसा खेळून दाखवणारा टेस्टर ओरडला, "आली लंगडी! वाईट पायावर मारायचं, लगेच कोसळते!"

सगळे हसले. आईचा हात आपसूक खुब्यावर गेला.

आई हे ओळखेल, इतकंच काय, आई हे बघेल, असंही लेकीच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आई उठली आणि पडद्याकडे निघाली. एक खांदा पाडून, पाय ओढत, मध्येच थबकून. वर हडळ चालत होती, खाली आई. हशा विरत गेला. "बाप रे," कुणीतरी पुटपुटलं.

"परत दाखवा," आई टेस्टरला म्हणाली. त्यानं दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि ती दाराकडे वळली.

टॅक्सीत आई म्हणाली, "कधी काढलंस?"

"सकाळी. तू चहा आणत होतीस तेव्हा."

"बाहेर सगळे बघतात गं. मला वाटायचं, घरात तरी कुणी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना चाल बदलायची म्हणून सांगितलं. "बारा दिवस राहिलेत. डोकं फिरलंय का?" ते म्हणाले. पण आदल्या दिवशी तेही तिथेच होते. शेवटी त्यांनी होकारार्थी मान हलवली. बुटात खडा घालून ती स्वतःच कॅमेऱ्यापुढे चालली, पुन्हा पुन्हा. नवी चाल पहिलीच्या पासंगालाही पुरेना. तरी गेममध्ये तीच गेली.

घरी आई तिच्यासमोर उठेनाशी झाली. लेक खोलीबाहेर पडेपर्यंत खुर्चीत बसून राही. हिनं माफी मागितली, तर "बरं" म्हणाली आणि बसूनच राहिली. तीन आठवडे असेच गेले.

एका दुपारी आईनं पेपरातून मान वर केली. "आता कशी चालते ती?"

लेकीनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं.

"अगदीच वाईट," आई म्हणाली. मग टेबलाची कड धरून उठली आणि लेकीच्या देखत, सावकाश, आत गेली.