हेमाक्काची बडबड

“ह्या बाईच्या तोंडाला काय झाकणच न्हाय की,” दाक्षायणी मागच्या बाकावरून पुटपुटली. बोलली ती आपल्या नवऱ्याशी. पण त्याच वेळी जीपनं गचका खाल्ला, ती पुढं झुकली आणि शब्द नेमके हेमावतीच्या मानेवर येऊन पडले.

हेमावतीनं मान वळवली नाही. समोरच्या काचेवर डोळे रोवून ती बोलतच राहिली.

“अगंबाई, केवढा हा दगड. उजव्या अंगाला बघा तरी. म्हैस बसल्यासारखा.”

तिच्या नवऱ्यानं, चन्नवीरनं, चाक डावीकडं घेतलं. दगड उजवीकडून मागं गेला.

“आणि ही बाभळ बघा. काय वाकलीय मेली, डावीकडनं पार वाटेवर.”

चाक थोडं उजवीकडं फिरलं. काटे ताडपत्रीवर खरखरत गेले.

“वैनी, तुम्ही रेडिओवर का जात नाही?” मागून वीरभद्रप्पा म्हणाला. “बातम्या चोवीस तास. बॅटरीचा खर्च नाही.”

“जातील की,” दाक्षायणी म्हणाली. “पण ऐकणाऱ्यांनी कुटं जायचं?”

सगळे हसले. चन्नवीरही हसला, पण त्याचं हसू जरा उशिरा आलं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं चाकावर पांढरी पडली होती. ती फक्त हेमावतीला दिसत होती.

सूर्य डोंगराआड जायला अजून थोडा अवकाश होता. पण रानात संध्याकाळ गावापेक्षा आधी येते. धावड्याच्या झाडांखाली ती आधीच येऊन बसली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हेमावतीला पहिल्यांदा कळलं. दुकानाच्या दारात कापडाचे गठ्ठे ठेवले होते, रोजच्याच जागी, आणि दिवेलागणीला बाहेर पडताना चन्नवीर त्यांच्यावर सपशेल पडला. ‘कुणी ठेवलं रे मधेच,’ म्हणून नोकरावर ओरडला. त्या रात्री जेवताना चन्नवीरचा हात तांब्याच्या शेजारून दोनदा रिकामा गेला. दिवसा त्याची नजर अशी, की नव्या पेठेत उभ्याउभ्या लुगड्याच्या काठातला चुकलेला धागा दाखवायचा. उन्हं कलली की मात्र जग कडेकडेनं मिटत यायचं. दुकानात बोटं सांभाळून घेत. कापड हाताला लागलं की त्याला पोत कळायचा, गिरणी कळायची, रंग मात्र तो गिऱ्हाइकालाच विचारायचा. ‘तुम्हीच सांगा, तुम्हाला कोणता वाटतो?’ बायकांना वाटे, काय अदबीचा माणूस आहे.

तो कधी बोलला नाही. तिनंही कधी विचारलं नाही. विचारण्याऐवजी ती बोलायला लागली.

‘पायरी आहे, जपून,’ असं कर्त्या पुरुषाला चारचौघांत सांगता येत नाही. पण ‘ह्या पायऱ्या किती झिजल्या हो,’ असं म्हणता येतं. माहेराहून आली तेव्हा सासू तिला मुकी म्हणायची. आता पेठेत हेमाक्काची बडबड प्रसिद्ध होती. लग्नकार्यात बायका तिला पाहून जागा बदलत. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं नाही. पण एकेका बाईच्या नशिबात एकेक काम येतं, तसं हे आलं, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशीचे खड्डे मोजायला लागायची.

सासऱ्यांचंही असंच होतं. शेवटची पंधरा वर्षं म्हातारा सिद्धेश्वराला जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवून जायचा, आणि गुडघे गेलेत म्हणून सांगायचा. घरात कुणीच कधी डोळ्यांचं नाव काढलं नाही. सगळं दुखणं गुडघ्यांच्या नावावर जमा होत असे. हेमावतीची लेक गौरा अठराची होती. म्हातारा गेला तेव्हा ती रांगत होती, म्हणून तिला तेवढंही माहीत नव्हतं.

गौराचं वीरभद्रप्पाच्या थोरल्याशी जमत आलं होतं. पुढच्या महिन्यात साखरपुडा. म्हणूनच तर हा मुक्काम. ‘व्याही झालो की मानपान आले, त्याआधी एकदा दोस्त म्हणून रानात राहून येऊ,’ ही चन्नवीरची हौस. लष्कराच्या लिलावातली जीप घेतली होती, सोबत तंबू आला होता. वीरभद्रप्पाला गाडी चालवता येत नव्हती. त्याला फक्त मागं बसून सल्ले देता येत. हेमावतीनं एकाच गोष्टीवर होकार दिला होता. उन्हं असतानाच तळ्यावर पोचायचं.

आणि पोचलेही असते. पण सकाळी निघायच्या घाईत वीरभद्रप्पाची लिंगपूजा राहिली होती. पूजा झाल्याशिवाय तो पाणीही तोंडात घालत नसे, आणि अंघोळीशिवाय पूजा नाही. बार्शीच्या पुढं एका मळ्यात विहिरीवरची मोटार चालू दिसली. तो पाण्याच्या धारेखाली निवांत बसला, कपाळभर विभूती ओढली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि निंबाखाली डोळे लावून बसला. तळहातावर लिंग घेतलेल्या माणसाला आटपा म्हणता येत नाही. हेमावती निंबाची सावली सरकताना बघत राहिली. मग भाकऱ्या सुटल्या, शेंगाची चटणी झाली, आणि वर जरा पडू या म्हणून पुरुषमंडळी पडली. ती एकटी जीपपाशी उभी होती.

“छान जागा आहे हो ही,” ती आता म्हणाली. वाटेच्या कडेला थोडी मोकळी जमीन होती, तरवड वाढलेला. “इथंच तंबू टाकू या का? मला भूक लागली.”

“इथं पाणी कुठंय?” चन्नवीर म्हणाला.

“कॅनमध्ये आहे की.”

“तळं मैलभर राहिलं. एवढी काय घाबरतेस?”

त्यानं दिवे लावले. समोर दोन पिवळे पट्टे पडले. हेमावतीला त्यात वाट दिसली, दगड दिसले, एक ससा उड्या मारत गेलेला दिसला. चन्नवीरला काय दिसलं, ते तिला कळायला मार्ग नव्हता. तो पुढं वाकला होता, सुईत दोरा ओवणाऱ्या म्हातारीसारखा.

वाट चढाला लागली. उजवीकडं दरड सरळ वर गेलेली, आणि डावीकडं, हेमावतीच्या बाजूला, आधी गवत होतं, मग गवत संपलं. तिनं खाली पाहिलं. झाडांचे शेंडे होते, तिच्या पायांच्याही खाली.

“अहो,” ती म्हणाली.

पुढचं येईना. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याजवळ सांगायला सगळं होतं, आणि आवाज नव्हता. डाव्या चाकाखालून एक दगड सुटला. तो खाली गेल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, आणि मग बराच वेळ आला नाही. तिनं बाकाची लोखंडी दांडी धरली.

जीप डावीकडं चालली होती. हळू, पण डावीकडंच.

“अगंबाई,” मागून आवाज आला, “काय ही दरी. पार डाव्या चाकाला लागून की. उजवीकडं दरड हाय बघा कशी, हात लावावा इतकी जवळ. आनि मोकळी हाय, झाड न्हाय का दगड न्हाय.”

दाक्षायणी होती. आवाज तिचा, पण चाल हेमावतीची होती. तोच हेल, तोच रिकामटेकडेपणा.

चन्नवीरनं चाक उजवीकडं घेतलं. दरडीची माती ताडपत्रीला घासली.

“सरळ वाट हाय आता,” दाक्षायणी म्हणाली. “काय सरळ बाई. पट्टीनं आखल्यासारकी. फुडं जरा उजवीकडं वळतीया.”

“वळतेय,” वीरभद्रप्पा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “अजून. अजून थोडी. हां.”

दरी मागं राहिली. वाट रुंद झाली, दोन्ही बाजूंनी सालईची झाडं आली. हेमावतीनं दांडी सोडली तेव्हा तळहातावर गंजाचा पट्टा उमटला होता. तिनं मागं वळून पाहिलं. दाक्षायणी पदर तोंडाशी धरून बाहेर बघत होती. वीरभद्रप्पा आपल्या चपलांकडं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. आज कळलं होतं, की केव्हापासून होतं, ते विचारायची गरज नव्हती. इतक्या सफाईनं कुणी पहिल्यांदा बोलत नाही.

“आता थोडंच राहिलं,” चन्नवीर म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला. “काय वीरभद्रप्पा? झाली की नाही मजा?”

“झाली की.”

“उतार हाय हो फुडं,” दाक्षायणी म्हणाली. “आनि खाली ओढा दिसतोय. पानी न्हाय, नुसती वाळू.”

हेमावती ऐकत होती. असंच जमलं असतं. चौघं मिळून तळ्यापर्यंत पोचले असते, मग साखरपुड्यापर्यंत, मग अक्षतांपर्यंत. कुणीतरी पायऱ्या झिजल्यात म्हणालं असतं, कुणीतरी उंबरा केवढा उंच म्हणालं असतं. गौरा त्या घरात गेली असती. आणि कधीतरी एखाद्या दिवेलागणीला, तिच्या शेजारी कुणीतरी बोलायला लागलं असतं. किंवा नसतं लागलं.

तिनं हात लांब केला आणि किल्ली फिरवली.

इंजिननं दोनदा गचका खाल्ला आणि ते थांबलं. दिवे तेवढे चालू राहिले. रान इतकं शांत झालं, की चन्नवीरचा श्वास ऐकू आला.

“काय केलंस?” तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मागं वळून, बाकाच्या पाठीवर हात ठेवून तिनं दाक्षायणीकडं पाहिलं.

“यांना अंधार पडला की दिसत नाही,” ती म्हणाली. “मामंजींनाही दिसत नव्हतं. गौराचं अजून मला माहीत नाही.”