नवव्या पानावरची अट

मी एक पॉलिसी बोलतेय. आयुर्विम्याची नव्हे, गाडीची नव्हे. कर खात्यानं धंद्याची चौकशी लावली, तर बाजू मांडणाऱ्या हिशेबनिसाची फी द्यायची, एवढंच माझं काम. छोटे ठेकेदार, दुकानदार मला घेतात. वेळ आली तेव्हा मात्र ते एकुलतं एक काम माझ्या हातून झालं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

मी चौदा पानांची. मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘आता निश्चिंत राहा’. आणि नवव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत: पत्र आल्यापासून तीस दिवसांत आम्हाला कळवा, आम्हाला विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी गावात नॉर्मन आउथवेट लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतो. त्याचे हिशेब बघणाऱ्या पिकर्सगिल बाईंनी मला त्याच्या गळ्यात मारलं.

“मी आयुष्यात एक पेनी बुडवली नाही. मला कशाला हवी?” नॉर्मन कुरकुरला.

“बुडवणाऱ्यांनाच पत्र येतं असं कुणी सांगितलं तुला? कर सही.”

त्यानं न वाचताच सही केली आणि स्वयंपाकघरातल्या खणात मला टाकलं. जुन्या बॅटऱ्या, चिनी हॉटेलचं दरपत्रक, कसल्यातरी किल्ल्या, हे माझे शेजारी.

फेब्रुवारीत ते पत्र आलं. नॉर्मनची बायको ग्लेनिस शाळेत मुलांना जेवण वाढायला गेली होती. त्यानं दारातच पाकीट फोडलं. मागच्या दोन वर्षांचे हिशेब तपासायचे आहेत, एवढंच लिहिलं होतं. पण त्याचे कान लाल झाले. पूर्वी गल्लीतल्या खाटकाची अशीच चौकशी लागली, तेव्हा ‘खाल्ले असणार पैसे, त्याशिवाय का येतात?’ असं क्लबात सगळ्यांत मोठ्यानं नॉर्मनच बोलला होता.

त्यानं पत्र व्हॅनमध्ये सिमेंटच्या पोत्यामागे सरकवलं. चार दिवसांनी स्वयंपाकघरात बसून रेघांच्या कागदावर स्वतःच उत्तर लिहिलं. आकडे आठवतील तसे. मी दोन हातांवरच्या खणात होते. हाक मारायला मला तोंड नव्हतं.

आकडे जुळेनात, म्हणून खात्याचं दुसरं पत्र आलं. ते ग्लेनिसच्या हाती पडलं.

“हे काय रे, नॉर्मन? ‘आमच्या पहिल्या पत्रानुसार’? कुठलं पहिलं पत्र?”

तो बुटांची नाडी सोडत बसला.

“अरे, तुला विचारतेय मी! पैसे लपवलेस तू?”

“नाही गं. शपथ.”

“मग पत्र का लपवलंस?”

“तुलाही वाटलं असतं मी चोर आहे म्हणून.”

“तीस वर्षं झाली लग्नाला,” ग्लेनिस म्हणाली, “आणि एवढंच ओळखलंस मला?”

मग तिनं खण उपसून मला बाहेर काढलं. दोघं मला घेऊन पिकर्सगिल बाईंकडे गेली. बाईंनी विमा कंपनीला फोन लावला आणि मुखपृष्ठ वर येईल असं मला टेबलावर ठेवलं. ‘निश्चिंत राहा’ हे शब्द तेव्हा मला झाकून घ्यावेसे वाटले. पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे बोलला. पत्राला त्रेपन्न दिवस झाले होते. उत्तरही परस्पर गेलं होतं. माझा उपयोग नव्हता.

“चूक माझीही आहे,” पिकर्सगिल बाई म्हणाल्या. “सही घेतली, पण ती अट काही तुला वाचून दाखवली नाही.”

बाईंनी फी कमी लावली, तरी सुट्टीत राहायला किनाऱ्यावर ठेवलेली छोटी कॅराव्हॅन, चाकांवरचं घर, विकावी लागली. चौकशी अकरा महिने चालली. निघालं काय, तर व्हॅनच्या खासगी फेऱ्या धंद्यात धरल्याची एक किरकोळ चूक. नॉर्मन चोर नव्हता. पण ते वर्षभर त्याची मान खाली राहिली, क्लबात जाणंही सुटलं.

माझी मुदत संपली, नवी पॉलिसी आली. ग्लेनिस मला रद्दीत टाकणार, तेवढ्यात छपरं दुरुस्त करणारा क्लाइव्ह दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं तसलंच पाकीट काढलं.

“कुणाला सांगितलं नाही अजून. बायकोलाही नाही.”

“किती दिवस झाले?” नॉर्मननं विचारलं.

“बावीस. मीच लिहितो म्हटलं दोन ओळी.”

“पेनाला हात लावू नकोस! बाईंनी तुझ्याही गळ्यात मारलीय ना असली पॉलिसी?”

“असेल कुठंतरी.”

नॉर्मननं मला ओढून घेतलं, नववं पान उघडलं आणि सिमेंटनं चिरलेलं बोट एकेका शब्दाखाली सरकवत मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, “मी त्रेपन्न दिवस लपवलं, क्लाइव्ह. लाजेपायी.” पिकर्सगिल बाई सोडल्या, तर हे त्यानं घराबाहेरच्या माणसाला प्रथमच सांगितलं. ग्लेनिस किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

“उद्या करतो फोन,” क्लाइव्ह पुटपुटला.

“आत्ता कर. चहा नंतर.”

फोन झाला. नावावरून कंपनीला त्याची पॉलिसी सापडली, दावा नोंदवला गेला. क्लाइव्हनं सुस्कारा सोडून कपाकडे हात नेला, तर नॉर्मननं कप मागे ओढला.

“अजून एक फोन राहिला. घरी.”

आता मी रद्दीच्या पेटीत आहे. गुरुवारी गाडी येईल. माझ्यासारखी एखादी तुमच्या खणात पडली असेल, तर आजच बाहेर काढा. मुखपृष्ठावर जाऊ नका. बारीक अक्षरांपासून वाचायला लागा. आमच्यापैकी कुणीही ती आपणहून वाचून दाखवणार नाही. आम्हाला लाज वाटते.