चारशे तेरावा निबंध

पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गात यंदा चारशे बारा मुलं होती आणि तपासायला बाई एकट्या. निबंध परत मिळेपर्यंत आपण काय लिहिलं होतं हेच मुलं विसरून जायची.

बाईंची भाची विद्यापीठाच्याच संगणक विभागात होती. तिने तोड काढली. प्रत्येकाने नावाऐवजी क्रमांक घालून निबंध संगणकावर टाकायचा, दुसऱ्या तिघांचे वाचून अभिप्राय लिहायचा, मग आपला सुधारून बाईंकडे द्यायचा.

"पोहता न येणाऱ्यांनी एकमेकांना पोहायला शिकवायचं म्हणे!" बाई फणकारल्या.

"मावशी, एकदा करून तर बघ."

बाईंनी करून बघितलं, पण आपल्या पद्धतीने. विषय होता 'मी शिकलेलं एखादं काम'. वडील कुलुपं दुरुस्त करायचे, लहानपणी त्याही शेजारी बसून शिकल्या होत्या. त्यावर त्यांनी झोकात निबंध लिहिला आणि भाचीला गप्प राहायला बजावून चारशे तेरावा म्हणून मुलांच्यात सोडून दिला. बघू तर खरं, कोणाला काय कळतंय!

दोघांनी 'छान' म्हणून हात झटकले. तिसरा अभिप्राय असा होता: 'पहिलं पान काढून टाका. ज्ञान थोर असतं हे आम्हाला माहीत आहे. कुलूप उघडताना वडील डोळे मिटायचे, तिथे मात्र मी थबकले. का मिटायचे? ते तुम्ही सांगितलंच नाही.'

बाईंचा पारा चढला. मग उतरला. कारण उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी वडिलांना फोन लावला.

"बाबा, कुलूप उघडताना तुम्ही डोळे का मिटायचात?"

म्हातारा खुदकन हसला. "अगं, डोळे उघडे ठेवले की गिऱ्हाईकाचा चेहरा दिसायचा. बिचारं आपल्याच दाराबाहेर ताटकळलेलं. ते बघितलं की हात घाई करायचे."

फोन ठेवून बाई निबंध नव्याने लिहायला बसल्या. एवढी वर्षं शेजारी बसून हे विचारावंसं कसं वाटलं नाही?

पुढच्या तासाला त्यांनी नवा निबंध वाचून दाखवला आणि सगळं कबूल करून टाकलं. "पहिलं पान काढलंय. जिने काढायला लावलं तिचे आभार."

मागच्या बाकावरची एक मुलगी कानापर्यंत लाल झाली. तरीही उठून उभी राहिली.

"बाई, रागावू नका, पण आता शेवट जरा लांबलाय."

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. बाईंनी हसत हसत पेन काढलं. "सांग बाई, कुठून कापू?"