डावा पंख

घरातली एखादी वस्तू शरच्चंद्रांनी उघडली नाही, असं कधी झालं नाही. आणि उघडलेली वस्तू पुन्हा चालली, असंही कधी झालं नाही. रेडिओ, इस्त्री, टेबलफॅन, सगळे आपापले स्क्रू पिशवीत घेऊन माळ्यावर पडले होते. माणूस सरकारी कचेरीतला, पण जीव सगळा पेचकसात अडकलेला.

तर हा गृहस्थ, शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा क्लब बंद पडला तेव्हा, तिथलं पिनबॉलचं मशीन टेम्पोत घालून तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी घेऊन आला. पलंगाएवढं धूड! काचेखाली उतरता पाट, त्यावर दिवे, घंट्या, आणि खालच्या टोकाला दोन पंख. बाजूचं बटण दाबलं की पंख फडकतो आणि घरंगळत आलेली लोखंडी गोळी वर उडते. पहिल्या संध्याकाळी दोन्ही पंख असे फडकले की शरच्चंद्र जेवायलाही उठेनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनची पूजा केली. साधीसुधी नाही हो. काच काढली, पाट वर उचलला, आणि आतल्या तारांनाही आशीर्वाद पोचावा म्हणून हळदीच्या अक्षता मुठीमुठीनं उधळल्या. मग सगळं जागेवर बसवून ऐटीत बटणं दाबली. उजवा पंख फडकला. डावा ढिम्म. नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात बायकोचा, इंदूबाईंचा, मिक्सर गरगरला.

"बंद कर तो मिक्सर!" शरच्चंद्र ओरडले. "माझं मशीन जाळलं न तुह्या चटणीनं!"

झालं, गुन्हेगार सापडला! त्या दिवसापासून मिक्सरला बंदी.

"हव," इंदूबाई पाटा-वरवंटा काढत म्हणाल्या. "वाटते मी हातानं. पण रविवारी कबाडीवाला येते. तोवर हे चाललं तर राहील, नाही तर माळ्यावरच्या पलटनीसंगं जाईल. सांगून ठेवते."

शरच्चंद्रांनी रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. खेळाचं काय एवढं! पण पन्नाशी उलटली, आणि आपल्या हातानं एक तरी वस्तू सुधारावी ही हौस काही पुरी झाली नव्हती. माळ्याकडे बघायची त्यांना लाज वाटायची.

ते कामाला लागले. तारा तपासायचा नवा मीटर आणला. मोबाइलवर बघून प्लग काढला, फ्यूज तपासला, पंखाची कॉइल तपासली, प्रत्येक तार तपासली. मीटर म्हणे, सगळंच मेलं आहे! दोन दिवस शरच्चंद्र सुतकी चेहऱ्यानं फिरले. मग कळलं, मीटरमध्ये सेलच टाकला नव्हता. सेल टाकला, तर फ्यूजही जिवंत, कॉइलही जिवंत. तरी त्यांनी एक तार बदललीच.

"पापा, डोरबेल क्यों नहीं बज रही?" त्यांच्या लेकीनं, गंधालीनं विचारलं.

"बजेगी, बजेगी," शरच्चंद्र म्हणाले. ती तार कुठून आणली ते काही बोलले नाहीत.

रविवार उजाडला. गल्लीच्या तोंडाशी कबाडीवाल्याची हाळी आली आणि शरच्चंद्रांनी घाईघाईनं काच काढली. पाट वर, मान आत. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मीटर बटणांमागे लावला. उजवं बटण दाबलं, मीटर टींऽऽ. डावं दाबलं, मीटर गप्प. म्हणजे दुखणं इथं आहे! बटणामागे पितळेच्या दोन पट्ट्या होत्या. बटण दाबलं की त्या टेकायला पाहिजेत. टेकत नव्हत्या. त्यांनी टॉर्च मारला.

दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध एक पिवळा तांदूळ बसला होता.

"अरे बाप्पा!" म्हणत त्यांनी तो चिमट्यानं काढला. मागून इंदूबाईंची चाहूल लागली आणि घाबरून तो तोंडात टाकून गिळला. पाट बसवला, प्लग लावला, बटण दाबलं. डावा पंख फडकला!

"काय झालं होतं?" इंदूबाईंनी विचारलं.

"लूज कनेक्शन. तुह्या मिक्सरच्या झटक्यानं."

"असं?" म्हणत इंदूबाई आत गेल्या आणि त्यांनी मिक्सर लावला. एकदम तीनवर! मिक्सर बोंबलत होता आणि डावा पंख मजेत फडकत होता. शरच्चंद्रांचा चेहरा उतरला. इंदूबाई हात चोळत बाहेर आल्या. मिरच्या वाटून वाटून त्यांचे तळवे लाल झाले होते. ते बघून शरच्चंद्रांना भारी वाईट वाटलं.

"इंदू, अक्षतेचा दाणा अडकला होता. माझ्याच पूजेतला. मिक्सरचं काही नव्हतं."

दारात कबाडीवाला उभा होता. इंदूबाईंनी मशीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"गंधाली, भैयाले सांग, आज काही नाही."

"काहून?" शरच्चंद्र पुटपुटले. "मीच तर बिघडवली होती न ही वस्तू."

"मंग? माळ्यावरच्याबी साऱ्या तुम्हीच बिघडवल्या," इंदूबाई त्यांना कोपरानं बाजूला सारत म्हणाल्या. "पण सुधारली अशी ही पहिलीच. सरका आता, मले खेळू द्या."