उलटे कोट

कॉपर रिज गावात पंधरा नोव्हेंबरला माणूस मरतसुद्धा नाही, असं म्हणतात. मेलाच तर खांदा द्यायला येणार कोण? त्या दिवशी हरणांचा बंदुकीचा मोसम उघडतो. शाळा बंद, बँक बंद, न्हावीसुद्धा बंद. पहाटे चारला सगळं गाव थर्मासमध्ये कॉफी भरून जंगलात जाऊन बसतं आणि अंधार पडला की परत येतं. आणि नेमक्या त्याच दिवशी, शनिवारी दुपारी एकला, कॉलेजच्या फुटबॉल संघाची, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, घरच्या मैदानावरची शेवटची मॅच लागली होती. वेळापत्रक करणारा कुठल्या तरी मोठ्या शहरात वाढलेला असणार, दुसरं काय!

हेल्मी कांगस एकोणीस वर्षं त्या मैदानाची तिकीट-खिडकी सांभाळत होती. सप्टेंबरात तिच्या टेबलावर एक पत्र आलं. शेवटच्या मॅचला आपली स्वतःची दोन हजार माणसं दिसली नाहीत, तर पुढल्या वर्षीपासून कॉलेजातला फुटबॉल बंद. खाली विश्वस्तांचे अध्यक्ष लँग यांची सही. हे लँगसाहेब राहायला फ्लोरिडात. मागच्या मॅचला हेल्मीनं माणसं मोजली होती, बँडवाली पोरं धरून तीनशे चाळीस. संघात बासष्ट मुलं. प्रत्येकाचं नाव तिला पाठ होतं आणि त्यातल्या निम्म्यांच्या आयांच्या सवयीसुद्धा.

नाश्त्याच्या वेळी तिनं नवऱ्याला विचारलं, "वेनो, तू तरी येशील ना?"

वेनो रायफल पुसत बसला होता. नळीवरची नजर न काढता म्हणाला, "कधी?"

"पंधराला."

"हेल्मी, आपलं लग्न पंधराला ठरत होतं, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"सोळाला करू म्हणालास."

"मग?"

एवढं बोलून तो पुन्हा नळी पुसायला लागला. एकोणीस वर्षांत हा गृहस्थ एकाही मॅचला आला नव्हता. नोव्हेंबरात हरणं, आणि बाकीच्या शनिवारी मासे. हेल्मीला राग आला, पण त्या रागातूनच तिला युक्ती सुचली. गाव मैदानाकडे येत नसेल, तर मैदानानं गावाकडे जायचं.

तिनं बंदुकांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर आणि गळाची गांडुळं विकणाऱ्या म्हातारीच्या टपरीवर कागद चिकटवले. 'सकाळी शिकार, दुपारी मॅच. आहात तसे या. नारिंगी कोटात येईल त्याला पास्टी फुकट. हरण मिळालं असेल तर तेही आणा, वजन आम्ही करू. सगळ्यात जड हरणाला डीप फ्रीजर बक्षीस.' गोलच्या मागे हरणं टांगायला आडवा खांब उभारला. चर्चमधल्या बायकांनी खिमा-बटाट्याच्या दोन हजार पास्ट्या केल्या. करंजीच्या थोरल्या बहिणीच त्या, एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

नारिंगी कोट सगळ्यांकडे असतोच. त्या रंगाशिवाय बंदूक घेऊन जंगलात पाऊल टाकायचं नाही, असा कायदाच आहे, नाहीतर शेजारीच हरीण समजून गोळी घालायचा. हरणाला तो रंग दिसत नाही, माणसाला मैलावरून दिसतो.

कोच रूडी बोनेटी कागद वाचून खो खो हसला. "हेल्मी, तू मेलेली हरणं बोलावतेयस. ती हजेरीत धरायची का?"

"तुझ्या मागच्या वर्षीच्या बचावफळीपेक्षा जास्त हलतील ती," हेल्मी म्हणाली.

पंधरा तारखेला बारा वाजता मैदानावर चिटपाखरू नव्हतं. हेल्मी फाटकाशी हातात मोजणीयंत्र घेऊन उभी होती. मैदानाला एकाच बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्या आहेत, टेकडी कापून केलेल्या, जुन्या करड्या लाकडाच्या. मागे सगळी पानं गळलेलं रान. पास्ट्या गार होत होत्या. साडेबाराला एक ट्रक आला. त्याच्यामागे दुसरा. मग वळणापर्यंत रांगच लागली. हरणं खांबावर चढायला लागली, मोजणीयंत्र टकटक वाजायला लागलं. चौदाशे. दोन हजार. एक वाजायला दोन मिनिटं असताना तीन हजार एकशे सोळा! कॉलेजचे प्रेसिडेंटसुद्धा कोटावर रक्ताचा डाग घेऊन तिसऱ्या रांगेत येऊन बसले. हेल्मीला रडूच कोसळलं. एकोणीस वर्षांत त्या पायऱ्या भरलेल्या तिनं पाहिल्या नव्हत्या. सगळी टेकडी पेटल्यासारखी भडक नारिंगी झाली होती.

तेवढ्यात पाहुणा संघ खेळाडूंच्या बोगद्यातून पळत बाहेर आला आणि हेल्मीचे डोळे पांढरे झाले.

नारिंगी. हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत नखशिखान्त नारिंगी.

घरच्या संघानं रंगीत घालायचं आणि पाहुण्यानं पांढरं, हा रिवाज. एल्म क्रॉसिंगची पोरं आजवर इथे पांढऱ्यातच आली होती. त्यांचा रंग कोणता, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती. हेल्मी धावत कोचकडे गेली.

"रूडी! हे काय आहे?"

रूडीच्या तोंडाचा आ झाला होता. "त्यांनी सप्टेंबरात एक पत्र पाठवलं होतं. आमच्या नव्या गणवेशाला तुमची हरकत नाही ना, असं काहीसं."

"आणि तू?"

"सही केली. मी पत्रं कुठं वाचतो?"

मग निळ्या गणवेशातली आपली पोरं बाहेर आली, आणि बोगद्याच्या तोंडाशीच थबकली. पुढचा थांबला म्हणून मागचा त्याच्यावर आपटला. चेंडू फेकणारा कोडी पेल्की, वीस वर्षांचा तगडा पोरगा, पायऱ्यांकडे बघत खुळ्यासारखं म्हणाला, "कोच, हे आपलंच मैदान ना?" पाहुण्यांचा कोच मात्र टोपी काढून पायऱ्यांना लवून नमस्कार करत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढचं तर विचारूच नका. पायऱ्यांच्या बाजूला चेंडू फेकायची वेळ आली की कोडीला आपली निळी पोरं स्वच्छ दिसायची, पण त्यांच्याभोवतीची नारिंगी पोरं मागच्या नारिंगी कोटांत विरून जायची. माणसाला माणूस दिसावा म्हणून काढलेला रंग, आणि त्यात अकरा धिप्पाड गडी दिसेनासे झाले! कोडीनं तीनदा चेंडू नेमका शत्रूच्या हातात दिला. वर आमचे शिकारी पहाटे चारपासून श्वास रोखून बसलेले. बसल्यावर गप्प राहायचं, हीच त्यांची सवय. काही पास्टी खाऊन घोरत होते. अर्धी मॅच संपली तेव्हा पाहुणे एकवीस आणि आपण शून्य.

हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं स्वतःशी म्हणत हेल्मी समोरच्या बाजूला निवेदकाच्या काचेच्या खोलीत गेली. तिथे लँगसाहेब बसले होते. सकाळच्या विमानानं आलेले, अंगात पातळ उन्हाळी कोट, नाक लाल. ती काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, मला लाज वाटतेय."

"हो सर, स्कोअर जरा..."

"स्कोअर नाही हो! ते समोर बघा. पाहुण्यांची तीन हजार माणसं इतक्या लांबून येतात, आणि आपला एकसुद्धा माणूस नाही. एकसुद्धा!"

हेल्मीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "सर, ती आपली माणसं आहेत! ते शिकारीचे कोट आहेत. आज मोसम उघडला. मी स्वतः मोजलीयत, तीन हजार एकशे सोळा."

"मॅडम, बंद पडायला आलेल्या प्रत्येक खात्यानं मला आजवर अशीच काहीतरी गोष्ट सांगितलीय. मला डोळे आहेत." त्यांनी फोन एका कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि खिडकीकडे पाठ केली. "हं, ऐक. फुटबॉल बंद करायचा कागद तयार कर. आजच्या तारखेचा."

बासष्ट मुलं. एकोणीस वर्षं. आणि कशापायी? एका रंगापायी, तोही तिनंच पास्टी देऊन बोलावलेला! तिनं निवेदकाच्या हातातून माईक अक्षरशः हिसकावला.

"मी हेल्मी. तिकिटवाली." तिचा आवाज चिरकला. "आपल्याला इथे पाहुण्यांची माणसं समजतायत. फुटबॉल बंद होतोय, आत्ता, या मिनिटाला. तुमचे कोट उलटे करा. अस्तर बाहेर. टोप्या खिशात. आणि आपलं गाणं म्हणा."

समोर कोणी हललं नाही. हवा शून्याखाली. कोट उलटा करायचा म्हणजे आधी काढायचा, आणि आमच्या गावात कुणी सांगितलं म्हणून कुणी काही करत नाही. तीन हजार दगड नुसते बघत बसले. हेल्मीला वाटलं, संपलं.

मग सगळ्यात वरच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. त्यानं सावकाश कोट काढला, झटकला, उलटा केला आणि परत घातला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण कोट झटकायची ती तऱ्हा ती तीस वर्षं दाराच्या पायपुसण्यावर पाहत आली होती.

वेनो! पंधरा नोव्हेंबरला, दिवसाढवळ्या, मैदानावर! भूत दिसलं असतं तरी ती एवढी दचकली नसती.

त्याच्या शेजारचा उठला. मग सगळी रांग. मग टेकडीवरचा नारिंगी रंग वरून खाली उतरत गेला, आणि विझला. त्या कोटांचं अस्तर वाळक्या पानांच्या छापाचं असतं, धनुष्यबाणाच्या मोसमात हरणाला माणूस दिसू नये म्हणून. करडं लाकूड, मागे करडं रान, आणि मध्ये तीन हजार माणसं. पण डोळ्यांना दिसेल तर शपथ!

लँगसाहेब फोनवर बोलत खिडकीकडे वळले, आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"गेले?" ते म्हणाले. "सगळे गेले? दोन मिनिटांत?"

तेवढ्यात रिकाम्या पायऱ्या गायला लागल्या.

खाणीत उतरणाऱ्या पणजोबांचं जुनं गाणं, प्रत्येक पोराला चालायच्या आधी येतं ते. गळे सगळे बेसूर, पण तीन हजार. काचा थरथरल्या. साहेबांच्या कपातली कॉफी हलली. ते दोन पावलं मागे सरकले आणि खुर्चीत धपकन बसले. फोनमधून बारीक आवाज येत होता, "साहेब? कसला आवाज आहे तो? तुम्ही ठीक आहात ना?"

"हेल्मी," पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली, "हे कोण गातंय?"

"आपली माणसं, सर. तिसऱ्या रांगेत प्रेसिडेंटपण आहेत. टकलावरून ओळखू येतील."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "तो कागद फाडून टाक." आणि फोन बंद करायचा विसरून तसेच ऐकत बसले.

दुसऱ्या अर्ध्यात कोडीला नारिंगी पोरं उठून दिसायला लागली. तीनदा आपण रेषा ओलांडली, दर वेळचे सहा गुण, शिवाय लाथ खांबांमधून गेली तर एक. शेवटची एक गुणाची लाथ खांबाला लागून परत आली. एकवीस-वीस. हरलोच. पण कुणी पाच वाजेपर्यंत जागचं हललं नाही, आणि एल्म क्रॉसिंगचा बिचारा कोच सगळ्यांना विचारत फिरत होता, आमची माणसं कुठं गेली हो?

हेल्मी ट्रकपाशी पोचली तेव्हा वेनो पास्टी खात उभा होता. ट्रकचा हौदा रिकामा.

"काहीच नाही दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं की. अकरा वाजता. दहा फाट्यांची शिंगं. चाळीस पावलांवर, आडवं उभं."

दहा फाटे! असं हरीण चाळीस वर्षांत त्याला एकदा दिसलं नव्हतं. असल्या हरणाच्या गोष्टी तो आजोबांच्या सांगायचा, स्वतःची एकही नव्हती. हेल्मीनं विचारलं, "चुकलास?"

"झाडलीच नाही." वेनोनं बोटं पँटला पुसली आणि तिच्यासाठी दार उघडलं. "पाडलं असतं तर साफ करून ओढून आणायला दोन तास गेले असते. तुझी मॅच एकला होती."